सातबाऱ्यावर नाव नसलेली नायिका

विदर्भातल्या कादंबरीची चर्चा मराठीत बहुतेक वेळा बोलीपासून सुरू होते आणि बोलीपाशीच संपते. वऱ्हाडी संवाद किती अस्सल आहेत, झाडीपट्टीचा ठसा कुठे उमटला आहे, ग्रामीण म्हणायचं की प्रादेशिक, यावर पानं भरतात. ती चर्चा खोटी नाही, पण अपुरी आहे. गेल्या शंभर वर्षांत नागपूर आणि त्याच्या भोवतालच्या जिल्ह्यांतून जी कादंबरी आली, तिच्यात समाज, बाई आणि निसर्ग हे तीन वेगळे विषय नाहीत. जमीन कुणाची, पाणी कुठून येतं, जंगलावर हुकूम कुणाचा, हे बदललं की या कादंबऱ्यांतल्या बाईचं जगणं आधी बदलतं आणि समाज बदलल्याची खबर मागाहून येते. स्त्रीस्वातंत्र्याची कादंबरी एका कपाटात, शेतकऱ्याची दुसऱ्या आणि जंगलाची तिसऱ्या, अशी वाटणी केल्यामुळे हा धागा हातातून निसटतो. तो पुन्हा जोडून पाहिला तर या प्रदेशाचा एक वेगळाच इतिहास दिसू लागतो. त्यातल्या बहुतेक नायिका जमिनीत राबतात, पाणी वाहतात, जंगलातून पोट भरतात, पण सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही.

सुरुवात नागपूरपासूनच करावी लागते, कारण लिहिणारा-वाचणारा वर्ग आधी इथे तयार झाला. १८६१ साली मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर राजधानी झालं. १८६७ साली मुंबईहून रेल्वे इथवर पोचली. १८७७ च्या १ जानेवारीला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. वऱ्हाड आणि नागपूरची काळी जमीन जगाच्या बाजाराला बांधली गेली ती कापसाच्या गाठींनी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत या कापसाचे भाव असे चढले की गवताळ माळ आणि गावरान मोडून पऱ्हाटी लावली गेली. त्या पैशातून वकील आले, शाळा आल्या, छापखाने आले. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झालं आणि विदर्भ साहित्य संघही त्याच वर्षीचा. कादंबरी वाचायला लागणारी फुरसत आणि कादंबरी लिहायला लागणारं शिक्षण, दोन्हींच्या मुळाशी कापूस होता. सुरुवातीच्या कादंबऱ्यांत मात्र तो जवळपास दिसत नाही.

नागपूरच्या पहिल्या महत्त्वाच्या कादंबऱ्या दिवाणखान्यातल्या आहेत. ग. त्र्यं. माडखोलकरांची ‘मुक्तात्मा’ १९३३ ची, ‘भंगलेले देऊळ’ त्यापुढच्या वर्षाची. राजकारण आणि प्रेम यांची गाठ घालणारी, सुशिक्षित स्त्रीला चर्चेत सामील करून घेणारी अशी ही कादंबरी होती. तिच्या तुलनेत गीता साने यांचं काम कितीतरी धारदार आहे आणि त्यांची उपेक्षा हा मराठी समीक्षेवरचा खरा ठपका आहे. १९०७ साली वाशिममध्ये जन्मलेल्या, विज्ञान शिकलेल्या या लेखिकेनं १९३६ पासून काही वर्षांत ‘निखळलेली हिरकणी’, ‘वठलेला वृक्ष’, ‘हिरवळीखाली’, ‘लतिका’, ‘फेरीवाला’, ‘आविष्कार’, ‘माळरानात’ अशा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या नायिका लग्न ही संस्थाच तपासून पाहतात, नवऱ्याचं घर सोडण्याचा विचार उघडपणे करतात, आपल्या कमाईवर जगता येईल का याचा हिशोब मांडतात. हिंदू विवाह कायदा यायला तेव्हा जवळजवळ वीस वर्षं होती. मध्य प्रांतातल्या उच्चवर्णीय हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदेशीर मार्ग नव्हता. तिच्या पायाखाली जमीन नव्हती हे इथे अगदी शब्दशः खरं आहे: १९३७ च्या कायद्यानं हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हयातीपुरता वाटा दिला, पण १९४१ साली फेडरल कोर्टानं तो शेतजमिनीला लागू होत नाही असं ठरवलं. प्रांतांना पुढे स्वतंत्र कायदे करून ती उणीव भरावी लागली. ज्या प्रदेशात मालमत्ता म्हणजे शेतीच, तिथे शेत सोडून बाकीच्यात हक्क याचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको.

गीता साने यांच्या नायिकांची धाव नोकरीकडे का असते, ते इथे कळतं. मास्तरीण, डॉक्टरीण, कार्यकर्ती. पगार हीच त्यांना मिळू शकणारी एकमेव मालमत्ता होती. वाडवडिलांच्या शेतात त्यांना उभं राहायला जागा नव्हती, म्हणून त्यांचं स्वातंत्र्य शहरात, भाड्याच्या खोलीत आणि महिन्याच्या पगारात घडतं. शीर्षकांत मात्र झाड, हिरवळ, माळरान सतत येतं. बाईच्या आयुष्याचं चित्र काढायला लेखिकेला निसर्गच सुचला आणि त्या आयुष्यातून प्रत्यक्ष निसर्ग वजा झालेला होता. ही त्यांची कलात्मक उणीव नव्हे, त्यांच्या वर्गाची वस्तुस्थिती आहे.

यावर कुणी म्हणेल की ही ओढाताण आहे. शहरी स्त्रीच्या कादंबरीत निसर्ग नसला तर नसला, त्यातून काय सिद्ध होतं? माझं उत्तर असं की नसणं हाही पुरावा असतो. नागपूरच्या मध्यमवर्गीय घरात नळ आला तेव्हा पाणी कुठून येतं हा प्रश्न त्या घरातल्या बाईपुरता मिटला. अंबाझरी, मग गोरेवाडा, मग कन्हान, मग पेंच असा या शहराच्या तहानेचा हात लांब लांब जात राहिला. पेंचवर तोतलाडोहचं धरण झालं, तिथल्या गावांना आणि जंगलाला त्याची किंमत मोजावी लागली. शहरातल्या नायिकेचे पाण्यात जाणारे तास वाचले आणि त्या तासांत ती शिकली, वाचू लागली, प्रश्न विचारू लागली. तिच्या मुक्तीचा पाया दूरच्या नदीत होता, फक्त तो तिच्या कादंबरीला दिसत नव्हता. तो दिसायला कादंबरीला नागपूर सोडून पश्चिमेला अमरावती-अकोल्याकडे जावं लागलं.

कादंबरीचा हा मुक्काम बदलण्याआधी, १९५३ च्या सुमारास, नागपूरच्याच एका बाईनं मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा आढावा घेतला. कुसुमावती देशपांडे नागपुरात इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या आणि पुढे १९६१ साली ग्वाल्हेरच्या अखिल भारतीय साहित्य संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. त्यांचं ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हे पुस्तक आजही पायाचं मानलं जातं. १८५० ते १९५० हा त्याचा आवाका. विदर्भाच्या मातीतली कादंबरी जिला म्हणतो ती नेमकी त्यानंतरच्या दहा वर्षांत आली, हा योगायोग खरा, पण त्याचा परिणाम मोठा झाला. एवढ्या अधिकाराच्या वाचकाच्या हाती उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी त्या इतिहासाचा भाग म्हणून पडली असती, तर तिच्याकडे ‘बोलीतली कादंबरी’ एवढ्याच नजरेनं पाहिलं गेलं नसतं, असं मला वाटतं.

परतवाड्याला जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांची ‘पूर्णामायची लेकरं’ १९५७ ची. पूर्णा इथे माय आहे. गावाचे सण, भांडणं, सोयरीक, श्रद्धा तिच्या काठी घडतात आणि माणसं तिची लेकरं असतात. कादंबरी प्रेमानं लिहिलेली आहे आणि ते प्रेम खरं आहे. पण पूर्णेच्या खोऱ्याची आणखी एक ओळख आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला खारपाणपट्टा. वर कापसाला मानवणारी खोल काळी जमीन, खाली खारं पाणी. विहीर खोदली तर पाणी लागतं, पण डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पिण्यासाठी गोड्या पाण्याच्या विहिरीपर्यंत चालत जावं लागतं. चालणारी कोण, हे सांगायची गरज नाही. नदीला माय म्हणणाऱ्या संस्कृतीत पाणी वाहण्याचं काम लेकींच्या आणि सुनांच्या डोक्यावर असतं. दांडेकरांनी मायेची बाजू पाहिली. त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही; नदीला देवपण दिलं की तिच्या काठचे कष्ट सहज दिसेनासे होतात, एवढंच दाखवायचं आहे.

तीन वर्षांनी, १९६० साली, उद्धव शेळके यांची ‘धग’ आली आणि ती दृष्टीच उलटी झाली. शिंप्याच्या घरात दिलेली कौतिक, धंद्यात जीव न रमणारा नवरा महादेव, एका गावातून दुसऱ्या गावात हलणारा संसार, मग महादेवला झालेला महारोग, आणि या सगळ्यात धाकट्या नामानं शिकावं ही तिची एकच जिद्द. इथे नदीची माया नाही, सणांचं कौतुक नाही. निसर्ग आहे तो उन्हाच्या, भुकेच्या आणि हंगामाच्या रूपात: हंगाम असला तर मजुरी, नसला तर उपास. कौतिकला जमीन नाही आणि नवऱ्याच्या हातातला धंदाही बाजाराच्या बदलत्या चालीपुढे टिकत नाही. तयार कपडा गावोगाव पोचू लागला की आठवडी बाजारातल्या शिंप्याची गरज कमी होते. एम्प्रेस मिलपासून सुरू झालेली कापडाची गोष्ट या घरात अशी येऊन संपते. पुरुषाचं पिढीजात कसब मोडतं आणि घर बाईच्या अंगमेहनतीवर येतं. कादंबरीनं हे भाष्य म्हणून कुठे सांगितलेलं नाही. घटनांच्या क्रमातच ते आहे.

कौतिकसारख्या बाईच्या वाट्याला येणारं काम नेमकं कसं, हे जवळून पाहिल्याशिवाय या कादंबरीचं वजन कळत नाही. कापसाच्या शेतीत वखर, डवरा, तिफन ही बैलांची अवजारं पुरुषांच्या हाती. सरकी टोबणं, निंदण आणि वेचणी बायकांच्या. निंदणात दिवसभर उकिडवं बसून तासामागून तास सरकायचं. वेचणीला लुगड्याचा ओटा कमरेला खोचून त्याची झोळी करायची, दंव सुकलं की पऱ्हाटीच्या दोन ओळींमध्ये शिरायचं, फुटलेल्या बोंडातला कापूस एका झटक्यात ओढायचा आणि त्याबरोबर वाळक्या पानाचा चुरा येऊ द्यायचा नाही, कारण पत्ती आली तर भाव पडतो. बोंडाची वाळलेली टोकं सुईसारखी नखांच्या कडांत घुसतात. हंगाम ऐन भरात असताना बोटांची कातडी सोललेली असते. संध्याकाळी धुऱ्यावर वजन होतं आणि वजनावर पैसे मिळतात. जगाच्या बाजारात जाणारा प्रत्येक धागा आधी या बोटांतून जातो. तरी शेतकरी हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येतो तो पागोटेवाला पुरुष. ‘धग’चं मोठेपण असं की तिनं हा शब्द न वापरता कापसाच्या प्रदेशाचं मध्यवर्ती पात्र बाई आहे हे सिद्ध केलं. पुढे १९६३ साली मनोहर तल्हारांनी ‘माणूस’मध्ये अमरावतीचा रिक्षावाला उभा केला, गावातून उखडलेला माणूस शहरात काय होतो याचं ते उत्तर होतं. तेही वाचलंच पाहिजे, पण ‘धग’ची खोली त्याला नाही.

इथे नेहमीचा आक्षेप येतो. कादंबरी म्हणजे दस्तऐवज नव्हे; एका कौतिकवरून प्रदेशाचा इतिहास कसा लिहिणार? आक्षेप रास्त आहे आणि त्याला मान देऊनच पुढे जायला हवं. मजुरीचा दर, पिकाखालचं क्षेत्र, विहिरींची संख्या यांसाठी कादंबरी उघडू नये. त्यासाठी जिल्हा गॅझेटियर आहेत, जनगणना आहे. पण काय सहन करणं त्या काळी स्वाभाविक मानलं जात होतं, कुठल्या गोष्टीला कुणी हरकतसुद्धा घेतली नाही, हे गॅझेटियर सांगत नाही. कौतिकच्या गावात तिच्या कष्टाबद्दल हळहळणारे आहेत. हे कष्ट कुणाच्या नावावर जमा होतात असं विचारणारं कुणी नाही. ती न विचारलेली गोष्ट इतिहासाचा पुरावा आहे. कायद्याची तारीख तिच्याशेजारी ठेवली की पुरावा पक्का होतो: १९५६ च्या वारसा कायद्यानं मुलीला वडिलांच्या स्वतंत्र मालमत्तेत वाटा दिला, वडिलोपार्जित शेतीत मुलाच्या बरोबरीचा जन्मजात हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आला आणि देशभर २००५ साली.

बाई आणि जमीन यांची अशी गुंतागुंत फक्त आपल्याच कादंबरीत आहे असं नाही. इंडोनेशियाच्या आधुनिक कादंबरीची वाट काही वळणांवर आपल्यासारखी आहे. मारा रुसलीची ‘सित्ती नुरबाया’ १९२२ ची. जुलमाच्या लग्नाविरुद्धची ती कादंबरी आपल्या सुधारणावादी कादंबरीच्या नात्यातली. पुढे अहमद तोहारी यांच्या ‘रोंगेंग दुकुह पारुक’ या कादंबरीत, १९८२ पासून आलेल्या तीन भागांत, जावा बेटावरच्या एका दुष्काळी खेड्यातली श्रिंतिल ही नर्तकी आहे. गावाची भरभराट तिच्या देहाशी जोडली जाते आणि १९६५ नंतरच्या राजकीय हिंसेत तीच तुरुंगात पोचते. १९९८ साली आयू उतामी या लेखिकेनं ‘सामान’मध्ये सुमात्रातल्या रबर लावणाऱ्या शेतकऱ्यांचा जमिनीसाठीचा लढा आणि शहरी मैत्रिणींचं मोकळं लैंगिक बोलणं एकाच कादंबरीत बसवलं. आपल्याकडे गीता साने आणि उद्धव शेळके हे दोन प्रवाह वेगळेच राहिले. तिथे एका बाईनं ते एकत्र आणले. ही तुलना कुणाला कमी लेखण्यासाठी नाही. हे दोन विषय एका पुस्तकात नांदू शकतात, हे त्यातून दिसतं.

विदर्भात हा सांधा काही प्रमाणात जुळला तो जंगलाच्या कादंबरीत. मेळघाटचा व्याघ्रप्रकल्प १९७४ च्या सुमारास, देशातल्या पहिल्या काही प्रकल्पांबरोबर, सुरू झाला आणि कोरकू गावांच्या नजरेत जंगल आता वाघाचं आणि खात्याचं झालं. मधुकर वाकोडे यांची ‘झेलझपाट’ १९८८ ची. कोरकूंचं जग, त्यांची दैवतं, त्यांचं प्रेम, बाहेरून येणारी सत्ता तिच्यात आहे. गडचिरोलीच्या माडिया मुलखावर विलास मनोहर यांची ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. तिच्यातला जुरू बंदुकीपर्यंत कसा पोचतो याची ती गोष्ट. सुरेश द्वादशीवारांची ‘हाकुमी’ही त्याच मुलखातली. या कादंबऱ्यांत जंगल म्हणजे कुणाची तरी हद्द आहे, आणि हद्दीचा पहिला झगडा रोजच्या जिनसांवर होतो: पहाटे वेचायचा मोह, उन्हाळ्यातला तेंदूपत्ता, सरपण, बांबू. मोह वेचणारी, पत्त्याचे पुडे बांधणारी, सरपणाची मोळी घेऊन नाक्यावर अडवली जाणारी मुख्यतः बाई. अन्याय सोसायला ती पहिली, पण कादंबरीचा नायक होतो तो पुरुष, कारण बंदूक तो उचलतो. माझ्या मते ही या कादंबऱ्यांची खरी मर्यादा आहे. त्या बाहेरच्यांनी लिहिल्या म्हणून अप्रमाण, असं म्हणणाऱ्यांशी मात्र मी पूर्ण सहमत नाही. विलास मनोहर हेमलकशाच्या लोक बिरादरी प्रकल्पात माडियांच्या सोबत राहिले आहेत. कान आणि डोळे उघडे ठेवून राहणाऱ्याच्या लेखणीला किंमत असते. त्यांना माडिया बाईच्या मनात शिरता आलं नाही, हा मात्र पुराव्यानं सांगता येईल असा दोष आहे. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्यानं वैयक्तिक दाव्याचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचं ठरवलं आणि गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं सामूहिक वनहक्क मिळवला. सपाटीवरच्या सातबाऱ्यात जे आपसूक होत नाही ते जंगलाच्या कायद्यात आलं, आणि त्या दृष्टीनं जंगलाची कादंबरी पुन्हा लिहिण्याजोगी झाली आहे.

दलित बाईचा प्रश्न याहून कठीण आहे. नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाशिमकडच्या गावात पोरांसाठी झिजणारी वालंबी तिची नायिका. तिच्या बाबतीत जमिनीवरच्या नावाची गोष्ट बोलायची म्हटली तर आधी जातीची हद्द ओलांडावी लागते. कौतिकला निदान गावाच्या आत जागा होती. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी लाखोंना दीक्षा दिली. त्या घटनेनं माणसाला माणूसपण दिलं, पण जमीन दिली नाही. जमीन द्यायला कायदा आणि सरकार लागतं. भूमिहीन सत्याग्रह झाले, काही गायरानं मिळाली, बहुतेक मिळाली नाहीत. म्हणून वालंबीची ताकद मालमत्तेत नसते, तिच्या हिंमतीत असते, आणि कादंबरीनं ती हिंमत देव्हाऱ्यात न बसवता तिची किंमतही दाखवली आहे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांकडे येताना काळ बदललेला असतो. ‘तहान’ १९९८ ची आणि ‘बारोमास’ २००२ ची. दुसरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. पहिलीत गावाची तहान, दुसरीत कर्ज. १९७२ पासूनची कापूस एकाधिकार खरेदी योजना मोडकळीला येत होती आणि २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. बियाणं दुकानातलं, खत दुकानातलं, फवारणी दुकानातली. पुढे तणनाशक आलं, निंदणाची मजुरी घटली आणि बाईच्या हातचं हंगामी काम गेलं. यवतमाळ, वर्धा, अमरावती ही नावं देशभर आत्महत्यांशी जोडली गेली. त्या आत्महत्यांची नोंद करताना जमीन कुणाच्या नावावर होती हे पाहिलं जाई. शेतात आयुष्य घालवलेल्या बाईनं जीव दिला तर तिचं नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून तो शेतकऱ्याचा मृत्यू धरला जायला फार अडचणी होत्या. नाव असण्या-नसण्याचा याहून क्रूर अर्थ दुसरा नसेल.

‘बारोमास’चा एकनाथ एम. ए., बी. एड. झालेला, नोकरीसाठी द्यायला पैसे नाहीत म्हणून शेतीत अडकलेला. भाऊ मधूचा ओढा वेगळ्याच वाटांकडे, वडील सुभानराव आणि आई शेवंतामाय जुन्या वळणाचे. आणि एकनाथची बायको अलका. तिला शिकलेला, नोकरी लागेल असा नवरा दिला होता. मिळालं ते बारमाही राबणं आणि कर्जाची भीती. ती घर सोडते. इथे मला ‘निखळलेली हिरकणी’ आठवते. दोघींमध्ये पासष्ट-सत्तर वर्षांचं अंतर आहे. गीता साने यांची नायिका नवऱ्याच्या जुलमातून सुटण्यासाठी उंबरा ओलांडते. अलका एका बुडत्या धंद्यातून. नवरा वाईट नाही, शेती वाईट चालली आहे. बाईला निघून जाणं शक्य झालं हा समाजातला बदल, आणि निघून जाण्याचं कारण मातीत आहे हा निसर्गातला आणि बाजारातला. दोन्ही एकाच पानावर येतात. शेतकरी मुलांना आज मुली मिळत नाहीत अशी तक्रार गावोगावी ऐकू येते, तिची चाहूल या कादंबरीला वीस वर्षं आधी लागली होती.

अर्थात अलकावर अन्याय झाला आहे, असं म्हणणारे वाचक आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कादंबरीची सहानुभूती एकनाथच्या बाजूला झुकते. अलका कधीकधी स्वार्थी सून म्हणून समोर येते. तिची बाजू तिच्याच तोंडून पुरती ऐकू येत नाही. हा पुरुष लेखकाच्या नजरेचा परिणाम, यात शंका नाही. तरी या कारणासाठी कादंबरी बाजूला सारता येत नाही, कारण लेखकाला न रुचणारी गोष्टही त्यानं प्रामाणिकपणे घडू दिली आहे. अलकाला त्यानं परत आणून पश्चात्तापाचे अश्रू ढाळायला लावले नाहीत. आणि प्रश्न एकट्या लेखकाचा नाही. शेतकरी चळवळीनंही हा मुद्दा उशिरा हाती घेतला. शेतकरी संघटनेचं चांदवडचं महिला अधिवेशन १९८६ चं. बायकोच्या नावानं जमीन करून द्या सांगणारा लक्ष्मीमुक्ती कार्यक्रम त्यानंतर काही वर्षांनी आला. तो मोठा, धाडसी विचार होता आणि अनेक गावांनी तो अमलात आणला. पण अलकाचं नाव एकनाथच्या शेतावर असतं तर ती राहिली असती का, हा प्रश्न अजून मराठी कादंबरीनं विचारलेला नाही.

दरम्यान नागपूर शहरातली लेखिका आपल्या वाटेनं पुढे गेली होती. आशा बगे यांच्या ‘भूमी’ला २००६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नाव भूमीचं, नायिकेचं नाव मैथिली, पण शोध आहे तो आपल्या असण्याला आधार कुठे मिळेल याचा. तिच्या घरात ना पीक आहे ना पाणी भरणं. गीता साने यांच्यापासून आलेला हा शहरी धागा इथे अतिशय सूक्ष्म, सुंदर झाला आहे. खेड्याच्या धाग्याशी मात्र तो अजूनही जुळलेला नाही.

तो जुळवायचा प्रयत्न केला नंदा खरे यांनी. नागपुरात वाढलेले हे स्थापत्य अभियंता, दि. य. देशपांडे यांनी १९९० साली नागपुरातून सुरू केलेल्या ‘आजचा सुधारक’च्या परंपरेतले विवेकवादी. त्यांची ‘उद्या’ २०१४ ची. तिला जाहीर झालेला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी नम्रपणे नाकारला. ही उद्याच्या जगाची कादंबरी: माणसावर सतत पाळत, जगण्याच्या हरेक गोष्टीवर एका महाकाय कंपनीचा ताबा, शेती आणि जंगल यांचा हिशोब दूर कुठेतरी होतो, आणि बायकांची संख्या घटलेली. तिला विज्ञानकथा म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांनी एक आकडा पाहावा. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, २०११ साली ८९४. मुलगी नको, कारण ती शेत वाहत नाही, वारस होत नाही, तिच्या लग्नापायी शेत गहाण पडतं. ही कारणं कौतिकच्या काळापासून तीच आहेत, फक्त आता सोनोग्राफी आली आहे. खरे यांच्या लेखणीत हिशेबनिसाची शिस्त आहे आणि तिच्यामागे संताप आहे. जमीन, पाणी, जंगल यांवरचा हक्क थोड्यांच्या हाती गोळा होतो तेव्हा माणसांतही कुणाला जन्मू द्यायचं हे ठरवलं जातं, असं ते दाखवतात. १९९४ च्या वारसा दुरुस्तीला तीस वर्षं उलटून गेली, तरी वाटणीच्या वेळी बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत विदर्भात सर्रास चालते. तहसील कचेरीतल्या त्या सहीची कादंबरी अजून लिहायची आहे, आणि ती शहरातल्या लेखिकेनं लिहिली काय की धुऱ्यावरच्या, तिला गीता साने आणि उद्धव शेळके दोघेही वाचावे लागतील.